ब्रेकवर उभा

माझ्या जुन्या डिझेल गाडीने चालायला कधीच कुरकुर केली नाही. सकाळी जरा खोकायची, धूर सोडायची आणि निघायची. तिने हरकत घेतली ती थांबायला. ब्रेकचं पेडल एकाएकी असं घट्ट झालं, की सिग्नल दिसला की मी पाठ सीटला रेटून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून चक्क ब्रेकवर उभा राहायला लागलो.

"अहो, प्रत्येक सिग्नलला काय उठताय? राष्ट्रगीत चालू आहे का?" बायको म्हणाली.

त्यातच बॅटरीचा लाल दिवा लुकलुकू लागला. आमच्या सोसायटीत स्वतःची सोडून दुसऱ्याची गाडी सगळ्यांना कळते. कुणी ब्रेक ऑइल बदलायला सांगितलं, कुणी लायनर. नवी बॅटरी घ्या, यावर मात्र सोसायटीच्या इतिहासात प्रथमच एकमत झालं. योगवर्गाच्या काकूंनी मांडीचे व्यायाम सुचवले.

नाना पेठेतल्या उस्तादांनी यातलं काहीच केलं नाही. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबलं, पाय तसाच ठेवून चावी फिरवली. इंजिन सुरू होताच पेडल जरासं खाली बसायला हवं. ते ढिम्म. मग बूस्टरकडे जाणारा पाइप पंपाच्या बाजूने काढून त्यांनी त्या तोंडावर अंगठा ठेवला, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटले.

"ओढतच नाय साहेब. व्हॅक्यूम पंप गेला."

पुढारी गेला की पोकळी निर्माण होते. इथे पोकळी निर्माण करणाराच गेला होता.

पेट्रोल इंजिनात हवा अडवणारी थ्रॉटलची झडप असते, त्यामुळे ही ओढ आयती मिळते. जुनं डिझेल इंजिन मोकळेपणाने हवी तेवढी हवा घेतं, म्हणून त्याला वेगळा पंप लागतो. माझ्या गाडीत तो आल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला आहे. बूस्टरमधल्या पडद्याच्या एका बाजूची हवा तो काढून घेतो आणि दुसऱ्या बाजूने वातावरण आपल्यासाठी ब्रेक दाबतं. सतराव्या शतकात माग्देबुर्गच्या ओटो फोन गेरिकेने दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली, तर दोन्हीकडून जुंपलेल्या घोड्यांनाही ते सुटेनात. इतकी वर्षं ते घोडे माझ्या बाजूने होते. आता घोडा मीच.

तरी आमचं बरं म्हणायचं. मर्सिडीजच्या जुन्या डब्ल्यू 123 डिझेलमध्ये इंजिन बंद करायलाही व्हॅक्यूमच लागतो. तो गेला की चावी खिशात आणि इंजिन चालू! मालकाने बॉनेट उघडून 'स्टॉप' लिहिलेला खटका दाबायचा.

उस्तादांनी आल्टरनेटर उतरवून पंप उघडला. आत काळं, चिकट तेल. पात्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या, दोन पाती तर खाचेत रुतून बसलेली. स्क्रू ड्रायव्हरने टोचली तरी हलेनात. शिवाय ऑइल सील फाटलेलं. त्यातून तेल आल्टरनेटरमध्ये झिरपून कार्बन ब्रश भिजले होते. लाल दिव्याचं मूळही इथेच होतं. बॅटरी ठणठणीत होती, हे मी सोसायटीत अजून सांगितलेलं नाही. इतकं दुर्मीळ एकमत मोडवत नाही.

पात्यांचा किट, सील, ओ-रिंग, ब्रश, एवढ्यात काम भागलं. तेलाचा फुगलेला पाइपही बदलला. जोडण्याआधी उस्तादांनी पंपात थोडं इंजिन ऑइल सोडलं. "कोरडा फिरला तर नवीन पाती पण खाईल."

पहिल्याच सिग्नलला मी सवयीने उभा राहिलो आणि मागच्या सीटवरचे कांदे डॅशबोर्डवर आले.

तुमच्याकडे जुनी डिझेल गाडी असेल, तर उस्तादांची ती पेडलची परीक्षा आज संध्याकाळीच घ्या. पेडल खाली बसलं नाही, तर गॅरेज गाठेपर्यंत कात्रजचा घाट उतरू नका. आणि सल्ला विचारायला सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर मुळीच थांबू नका.