शेरीफसाहेबांची गुलाबी राजवट

अमेरिकेत काउंटीचा शेरीफ बहुतेक ठिकाणी मतपेटीतून येतो. तुरुंग त्याचा, गस्त त्याची, घर रिकामं करायची कोर्टाची नोटीस घेऊन दारात उभे राहणारेही त्याचेच डेप्युटी. काउंटीचं मंडळ त्याचं बजेट मंजूर करतं, पण साहेबांना घरी बसवणं मतदारांच्या हाती. (आपल्या मुंबईचे शेरीफ बिचारे मानद, सरकार वर्षभरासाठी नेमतं, हाती ना बेडी ना तुरुंग.)

ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत जो अर्पायो यांनी १९९३पासून २४ वर्षं गादी सांभाळली. वाळवंटी उन्हात कैद्यांना तंबूत ठेवलं, अंतर्वस्त्रं गुलाबी दिली आणि कॅमेरेवाल्यांना अगत्यानं बोलावलं. कायद्याचे एवढे कडवे भक्त! फक्त कागदपत्रांच्या संशयावरून स्थलांतरितांना डांबू नका, हा कोर्टाचा आदेश तेवढा त्यांना पाळवेना. २०१६ मध्ये निवडणूक हरले, २०१७ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरले आणि शिक्षा सुनावण्याआधीच अध्यक्ष ट्रम्प यांनी माफी देऊन टाकली. खटल्यांचा खर्च? तो काउंटीच्या करदात्यांनी भरला. त्यांतल्या बऱ्याच जणांनी साहेबांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं होतं.