वॉरंटीपुरता थाट

दाराशी जर्मन गाडी झुलत असली की सोसायटीत वट असते. वॉरंटी संपेपर्यंत. मग एअर सस्पेन्शनची हवा रात्रीतून उतरते आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली सापडते, मानपानावरून रुसलेल्या जावयासारखी. सर्व्हिस सेंटरवाले आधी उत्तम कॉफी देतात, मागाहून एस्टिमेट. आरसीवर पंधरा वर्षांचं आयुष्य लिहिलेलं असतं खरं, पण सस्पेन्शनने आरसी वाचलेली नसते. विकायला काढावी, तर दलाल नाक मुरडतो. दिल्लीने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बडगा उगारल्यापासून तिकडच्याच स्वस्तात पडतात म्हणे! तेव्हा एक्स्टेंडेड वॉरंटी मिळत असेल तर मुकाट घ्या. नसेल तर मुदत संपायच्या आत विका. फक्त गिऱ्हाईक नात्यातलं नको.