दोन संस्थांची सोयरीक

संस्था म्हणजे सात नातेवाईक, एक शिक्का आणि एक लेटरहेड. अशा दोन संस्थांनी मिळून काम करायचे तर आधी काम शोधावे, असा एक भाबडा समज सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडात अजून आढळतो. आधी फ्लेक्स ठरवावा. काम काय, मागाहूनही सापडते.

फ्लेक्सवर दोन्ही अध्यक्षांचे फोटो एकाच मापाचे हवेत. बैठकीला पट्टी न्यावी. नाव डावीकडे कुणाचे आणि उजवीकडे कुणाचे, यात तीन बैठका सहज जातात, जाऊ द्याव्यात. चौथ्या बैठकीत मागे बसलेली एखादी मावशी विचारेलच, “वैरणीचं काय ठरलं?” तिला ‘हा मुद्दा आयत्या वेळच्या विषयांत घेऊ’ असे सांगून चहा मागवावा. आयती वेळ येत नसते.

एक संस्था सातारची आणि दुसरी सांगलीची असेल तर सोयरीक अधिक रंगते. माणगंगा म्हसवडावरून खाली सांगलीतल्या आटपाडीकडे जाते ती कुणाचा ना हरकत दाखला न घेता, पण नदीला कार्यकारिणी नसते. आपण हद्दीवर थांबावे आणि पत्रव्यवहार करावा.

काही उदाहरणांपासून मात्र कार्यकर्त्यांना दूर ठेवावे. म्हसवडातच सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर बायकांनी बँक काढायचे ठरवले. सभासद अंगठा उठवणाऱ्या, म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. शहाणी माणसे इथे निषेधाचा ठराव करून घरी गेली असती. या बायका अक्षरे गिरवायला बसल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. शिष्टाचार म्हणून काही राहिलाच नाही.

छावणीची गोष्ट तर त्याहून वाईट. २०१२ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१९ मध्ये सिन्हांच्याच माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी चालवली. गावोगावची जनावरे आणि त्यांच्यामागे माणसे मुक्कामाला आली. दावणीला कुणाची म्हैस कुणाशेजारी बांधायची, यावर एकही उपसमिती नेमली गेली नसावी. भुकेले जनावर इतिवृत्त कायम होईपर्यंत दम धरत नाही, ही त्याची मोठीच उणीव.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हाही हाच गोंधळ. ‘चांगभलं’चा गजर होतो, गुलाल-खोबरे उधळते, दोराला शेकडो हात लागतात आणि कुठला हात कुठल्या संस्थेचा, ते गुलालात दिसत नाही. दोराला नावाची पट्टी कशी चिकटवावी यावर आमचा अभ्यासगट काम करतो आहे. बैठक सोमवारी. चहा कुणाकडून, ते अजून ठरायचे आहे.