बिलाएवढा कान

नुकतंच इंजिनकाम करून घेतलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धे मिटलेले आणि चेहऱ्यावर भाव असा, की भर मैफलीत तंबोरा उतरलाय हे फक्त त्यालाच कळलंय.

आमच्या नागावचे भाऊ सध्या याच अवस्थेत आहेत. समुद्रावर त्यांच्या दोन एटीव्ही आहेत, एक लाल, एक निळी. मुंबईची मंडळी त्यांवर बसून एक फेरी मारतात, किंचाळतात, फोटो काढतात. घरी जाताना थोडी वाळू कपड्यांतून नेतात, बाकीची इंजिनात ठेवून जातात. एअर फिल्टरचा फोम नीट बसलेला नसला, की ही बारीक वाळू थेट सिलिंडरमध्ये उतरते आणि रिंगा खाते. गेल्या मोसमात लाल गाडी इतका निळा धूर ओकायला लागली, की एका गिऱ्हाइकानं विचारलं, "डासांची फवारणी पण तुम्हीच करता का?"

पावसाळ्यात धंदा बंद असतो. तेवढ्यात भाऊंनी हेड उतरवलं, बोअरिंग मारून घेतलं, ओव्हरसाइज पिस्टन टाकला. रिंगा नव्या, टायमिंग चेन नवी. मग बिल आलं, आणि त्या दिवसापासून भाऊंना ऐकू यायला लागलं.

याच गाडीच्या सायलेन्सरचा तुटका क्लॅम्प वर्षभर पत्र्यासारखा वाजत होता. तो त्यांच्या कानापर्यंत कधी पोचला नाही. माणसाचा कान बिलाच्या आकड्याएवढा वाढतो, असं माझं मत तेव्हापासून झालं आहे.

पहिल्याच सकाळी मला बोलावणं आलं.

"ऐक रे. काय ऐकू येतं?"

"इंजिन."

भाऊंनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "टकटक करतंय."

सरबतवाल्याच्या मते ती टिकटिक होती. शहाळीवाला म्हणाला, खळखळ. जीवरक्षक शिट्टी तोंडातून काढून म्हणाला, "मला तर ठकठक वाटते." आपल्या भाषेत इतके आवाज कशासाठी ठेवलेत, ते मला तेव्हा कळलं. हेडातून टिकटिक असेल तर बहुधा टॅपेट, घडीभराचं काम. बाजूनं खळखळ असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर बघायचा. थंड असताना टकटक आणि तापल्यावर गप्प, तर पिस्टनला जागा जरा जास्त झाली. आणि जोर दिल्यावर खालून जड ठकठक आली, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. म्हणजे अख्खं इंजिन पुन्हा खाली. एका अक्षरावर हजारो रुपये अडलेले! भाऊ दिवसा टिकटिकीवर असत. रात्री झोप उडाली, की तिचीच ठकठक होई.

मग त्यांनी मोबाइलवर आवाज भरायला सुरुवात केली. 'थंड, सकाळी.' 'गरम, चढावर.' 'गरम, मेहुणा मागे बसलेला.' पुण्याच्या भाच्यानं सगळे ऐकून कळवलं, "मामा, कोंबडा फार छान आलाय."

शेवटी मिस्त्री आले. लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. आधी मॅग्नेटची बाजू, मग क्लचची, मग हेड. सरबतवाल्यानं बर्फ फोडायचं थांबवलं.

"आवाज निम्म्या चालीनं येतोय," मिस्त्री म्हणाले. "क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा. म्हणजे दुखणं वरचं, खालचं नाही."

भाऊंनी आठवड्यातला पहिला पूर्ण श्वास घेतला.

इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी टॅपेटचं झाकण काढलं आणि फटीत फिलर गेजची पाती सारली. एक्झॉस्टच्या बाजूला ती सुळकन गेली. लॉकनट सैल केला, स्क्रू केसभर फिरवला, नट परत आवळला. गाडी चालू केली. टिकटिक होती, पण आता भिंतीवरच्या घड्याळाएवढी.

"एवढी पण घालव ना," भाऊ म्हणाले.

"नको. टॅपेट जरा वाजलेला बरा. वाजणारा टॅपेट कान खातो, गप्प टॅपेट व्हॉल्व्ह खातो. फटच उरली नाही, तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. मग तो जळतो."

वाक्य भाऊंना इतकं पटलं, की त्यांनी ते संध्याकाळपर्यंत चौघांना ऐकवलं, जीवरक्षकाला दोनदा. रात्री ते गाढ झोपले म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा हाक आली. लाल गाडी ताडपत्रीखाली निवांत होती. चालू होती ती निळी, जिच्या इंजिनाला आजवर कुणी पाना लावलेला नाही. भाऊ तिच्याशेजारी उकिडवे बसले होते. मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले.

मी वाकून बराच वेळ कान दिला.

"भाऊ, हिचं तर काहीच वाजत नाही."

"तेच तर," भाऊ कुजबुजले.