देवाचे नागरिकत्व

धर्म आणि राष्ट्र यांच्यात भांडण होऊ नये, असे प्रत्येक सुजाण नागरिकाला वाटते. झालेच, तर माणसाने कोणाचे ऐकावे? हा प्रश्न ख्रिस्ती माणसाच्या मानगुटीवर पहिल्या शतकापासून बसलेला आहे. कैसराचा वाटा वेगळा आणि देवाचा वेगळा, एवढी वाटणी येशूने करून दिली. हद्दीचे दगड मात्र रोवले नाहीत. हे राहून गेलेले काम जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चमधील ‘जर्मन ख्रिस्ती’ या चळवळीने हाती घेतले. देवाचा वाटाही कैसराला देऊन टाकला की तंटा कायमचा मिटतो, हा त्यांचा तोडगा. इतका सरळ तोडगा त्यांच्या आधी फार थोड्यांनी इतक्या उघडपणे मांडला असेल. त्याची योग्य ती कदर व्हायला हवी.

यात जोरजबरदस्ती झाली, असेही म्हणता येणार नाही. 23 जुलै 1933 रोजी चर्चच्या रीतसर निवडणुका झाल्या. आदल्या रात्री हिटलरने रेडिओवरून भाविकांना मार्गदर्शन केले आणि ‘जर्मन ख्रिस्तीं’ना सुमारे दोन तृतीयांश मते मिळाली. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या धर्मसभेत बरेच सभासद नाझींच्या तपकिरी गणवेशात येऊन बसले आणि त्यांनी ठराव केला, की ज्यू वंशाच्या किंवा ज्यू वंशाच्या व्यक्तीशी लग्न केलेल्या माणसाने पाळक राहू नये. ज्या धर्माचा संस्थापक, त्याची आई आणि बाराही शिष्य ज्यू होते, त्या धर्माने असा ठराव करायला मन घट्ट असावे लागते. शिवाय ठरावात समतोल होता. तो नोकरीपुरता होता, उपासनेला लागू नव्हता. त्यामुळे वेदीवरच्या क्रुसाला हात लावावा लागला नाही.

राष्ट्र आणि देव यांचा असा एकोपा प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर बर्लिनच्या मारिएनडॉर्फ भागात 1935 साली पुरे झालेले मार्टिन ल्यूथर स्मारक चर्च अजून उभे आहे. आतल्या मोठ्या कमानीवर भाजलेल्या मातीच्या शेकडो फरशा आहेत आणि त्यांवर ख्रिस्ताची व राष्ट्राची चिन्हे शेजारीशेजारी नांदत होती. व्यासपीठावरच्या कोरीव कामात येशूभोवती जमलेल्या माणसांत शिरस्त्राण घातलेला जर्मन सैनिक उभा आहे. बाप्तिस्म्याच्या लाकडी कुंडावर नाझींच्या एसए दलाचा गणवेशधारी कोरलेला आहे. म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी पडत असतानाच त्याला आपल्या दोन्ही मालकांची ओळख होत असे. इथला ऑर्गन चर्चमध्ये भक्तिगीते वाजवण्याआधी न्युरेंबर्गच्या नाझी पक्षाच्या मेळाव्यात वाजला होता. पुढे युद्ध हरल्यावर नाझी स्वस्तिके खरवडून काढण्यात आली. राष्ट्रभक्तीला ऊन-पाऊस सोसत नाही, हे त्या खरवडलेल्या फरशा आजही सांगतात.

कागदपत्रांच्या बाबतीत तर चर्चची सेवा अनमोल होती. आपण आर्य आहोत हे सिद्ध करायला प्रत्येकाला आई-वडिलांचे आणि आजी-आजोबांचे दाखले लागत. जुन्या पिढ्यांच्या नोंदी चर्चच्या बाप्तिस्मा-वह्यांत होत्या. गावोगावच्या पाळकांनी आणि कारकुनांनी वर्षानुवर्षे वह्या चाळून उतारे लिहून दिले. नोंद काढता काढता कोणाचा आजा ज्यू धर्मातून ख्रिस्ती झाला होता, हेही सापडे. ज्या नोंदीने एकेकाळी त्या आज्याला देवाच्या कुटुंबात घेतले होते, तीच नोंद आता नातवाला देशाबाहेर काढायला उपयोगी पडली. एकाच शाईतून इतके काम क्वचितच कोणी घेतले असेल.

उरला प्रश्न धर्मग्रंथाचा. 13 नोव्हेंबर 1933 रोजी बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये सुमारे 20,000 लोकांसमोर ‘जर्मन ख्रिस्तीं’चे पुढारी राइनहोल्ड क्राउझे यांनी जुना करार काढून टाकण्याची मागणी केली. ती अनेकांना घाईची वाटली. पण विद्वत्ता धीर धरते. 1939 साली आयझेनाखला एक संस्थाच निघाली. चर्चमधील ज्यू प्रभाव शोधून नाहीसा करणे हे तिचे घोषित काम. पुढच्याच वर्षी तिने ज्यू खुणा पुसलेला नवा करार छापला, आणि मग भक्तिगीतांतून ‘हालेलुया’ही गेला. देव राष्ट्राशी जुळत नसेल तर राष्ट्र बदलण्यापेक्षा देव बदलणे स्वस्त पडते, हे यातून सिद्ध झाले.

अशा सुरळीत व्यवस्थेला थोड्या हटवादी माणसांनी खीळ घातली, याची नोंद घ्यावी लागते. मे 1934 मध्ये बार्मेनला जमून त्यांनी जाहीर केले, की चर्चने ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणाचा शब्द देवाचा शब्द मानू नये. त्यांतले मार्टिन नीमोलर पहिल्या महायुद्धातले पाणबुडीचे कप्तान. त्यांच्यासारख्याला तरी देशप्रेम शिकवावे लागू नये. त्यांच्याच बाजूचे पाळक डीट्रिख बोन्होफर 1939 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सुखरूप पोहोचले होते. पण आपल्या लोकांबरोबर हे दिवस काढले नाहीत, तर पुढे देशाच्या उभारणीत हात लावायचा हक्क आपल्याला राहणार नाही, असे म्हणून काही आठवड्यांत परतले. त्यांना 9 एप्रिल 1945 रोजी, युद्ध संपायला महिना उरला असताना, फाशी देण्यात आली. फ्रान्त्स येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातला कॅथलिक शेतकरी. हिटलरसाठी लढणार नाही, म्हणाला. बिशपांनी त्याला बायको आणि लेकींची जबाबदारी आठवून दिली. तो ऐकेना. ऑगस्ट 1943 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. यिर्मया संदेष्ट्यालाही यरुशलेमकरांनी चिखलाच्या खड्ड्यात टाकले होते. नगर पडणार, असे तो सांगत होता. नगरावर त्याचा जीव होता, हा त्याचा बचाव कोणी ऐकला नाही.

ऑक्टोबर 1945 मध्ये जर्मनीच्या प्रोटेस्टंट चर्चने स्टुटगार्टला आपला अपराध लेखी कबूल केला. आपण अधिक धैर्याने बोलायला हवे होते, असे त्यात होते. त्यावर सही करणाऱ्यांत जवळपास आठ वर्षे कैदेत काढलेले नीमोलर होते. जे बोलले, त्यांनाच कमी बोलल्याची खंत होती.

म्हणून वाचकांना सरळच सांगतो. आपल्या देशाची प्रत्येक गोष्ट ज्या देवाला पसंत पडते, तो देव आपणच घडवलेला असतो, मग त्याचे नाव कोणतेही असो. बोन्होफर आणि येगरश्टेटर यांनी आपल्या देशाला ‘नाही’ म्हटले, ते देश आपला होता म्हणूनच. ख्रिस्ती देशभक्ती ती हीच. तिला देशद्रोह म्हणण्याची घाई कोणत्याही देशाने करू नये.