बाही वर, साखर खाली

नवीन पनवेलच्या शिंप्यांकडे सध्या एक नवं गिऱ्हाईक येऊ लागलंय. हाफ शर्टाची बाही आणखी दोन बोटं आखूड करून मागतं. त्याचंही बरोबर आहे म्हणा. दंडाच्या मागच्या बाजूला पांढरं बटण चिकटवायचं, त्यापायी महिन्याला आठ-दहा हजार मोजायचे आणि वर बाहीनं ते झाकून टाकायचं, हा कुठला व्यवहार?

बटण म्हणजे साखर मोजणारा सेन्सर. आणि गिऱ्हाईक म्हणजे ज्यांना शुगर नाही ते.

आमच्या बी विंगमध्ये असे एक गृहस्थ आहेत. वय पंचेचाळीस, तीन महिन्यांची सरासरी साखर ५.२, म्हणजे डॉक्टरनं रिपोर्टवर दुसऱ्यांदा नजरही टाकू नये अशी. पण हल्ली ते लिफ्टमध्ये शिरतात तेच आडवे, डावा दंड पुढे काढून. कुणी विचारलं नाही तर दंड खाजवतात. तरीही विचारलं नाही तर, ‘जपून हां, धक्का लागेल’ म्हणतात. लिफ्टमध्ये तेव्हा आम्ही दोघंच असतो. सोसायटीच्या सत्यनारायणाला यजमानपद त्यांनी मागून घेतलं. सोवळं नेसून, उघड्या दंडानं बसता येतं ना! तीर्थाला वाकलेल्या प्रत्येकाला देवाआधी बटणाचं दर्शन झालं. प्रसादाच्या शिऱ्याचा त्यांनी फोटो काढला, तो मोबाइलमध्ये चढवला आणि शिरा बायकोला दिला.

पण खरी कमाल झाली ती पोपटीच्या, म्हणजे मडक्यात शेंगा-कोंबडी भाजून खाण्याच्या रात्री. जानेवारी महिना, कर्नाळ्याच्या बाजूला एकाचं शेत, शेकोटीभोवती सगळे स्वेटर-मफलरमध्ये, आणि हे एकटे बिनबाह्यांच्या गंजीत. दंडावर सरसरून काटा आलेला, मधोमध बटण. मडकं भाजून होईस्तोवर त्यांनी आम्हाला जेवणाचा क्रम समजावून सांगितला: आधी चोथा, मग प्रथिनं, सगळ्यात शेवटी पिष्ट. म्हणजे आधी वालाच्या शेंगा, मग अंडं आणि कोंबडी, मग बटाटा आणि रताळं. आता पोपटी ज्यानं एकदा जरी खाल्लीय त्याला ठाऊक आहे की मडकं उपडं केलं की भांबुर्डीच्या पाल्यासकट सगळं एकदमच बाहेर पडतं आणि जे हाताला लागेल ते, बोटं भाजत, शेजाऱ्याच्या आधी उचलायचं असतं. हे मात्र मोबाइलच्या उजेडात शेंगा निवडत बसले. त्यांच्या शेंगा सोलून होईतो कोंबडी संपली, अंडी संपली, उरलं ते रताळं. ते खाऊन ते घड्याळ लावून बसले. आकडा चढला: १४१. एवढ्यात बाण वर! गृहस्थ उठले आणि ढेकळांतून येरझाऱ्या घालू लागले. त्यांना कोण सांगणार की हे बटण रक्तातली साखर मोजतच नाही? त्याची अर्ध्या सेंटिमीटरची तार कातडीखालच्या पेशींमधल्या पाण्यात बुडालेली असते आणि रक्तातली बातमी तिथं पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. पनवेल स्टेशनवरच्या इंडिकेटरसारखं आहे ते. त्यात दिसेपर्यंत गाडी हलायला लागलेली असते. तासाभरात आकडा १०२ वर आला. ‘आणला खाली!’ ते ओरडले. ज्या स्वादुपिंडानं पंचेचाळीस वर्षं श्रीखंड, आमरस आणि लग्नाच्या पंगती न बोलता निस्तरल्या, त्याचं कुणी नाव काढलं नाही.

मग ते बटणाच्याच कुशीवर झोपले. दंडाखाली सेन्सर दबला की आकडा खोटाच घसरतो, हे माहितीपत्रकातही असतं. मध्यरात्री मोबाइल किंचाळला, ६१. सगळं शेत जागं झालं. त्यांना चार पेढे भरवण्यात आले. फायबरचा क्रम त्या वेळी कुणी विचारला नाही.

इथवर हसू येतं. पुढचं लिहिताना येत नाही.

देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढं गिऱ्हाईक दारात उभं असताना बाजाराला सापडले कोण, तर ज्यांना मधुमेह नाही ते! आमच्याच ए विंगमध्ये एकोणीस वर्षांची मुलगी आहे, नवव्या वर्षापासून टाइप वन. तिच्या शरीरात इन्शुलिन जवळपास बनतच नाही. दिवसाला चार इंजेक्शनं, सहा वेळा बोटाला टोचणं; बोटांची टोकं पाहा, खरखरीत झालीत. झोपेत साखर उतरली तर जाग येईलच असं नाही, म्हणून तिची आई रात्री दोनला गजर लावून उठते आणि झोपलेल्या मुलीचं बोट टोचते. दहा वर्षं. तो मध्यरात्री किंचाळणारा मोबाइल कुणासाठी आहे ते कळलं? डॉक्टरांच्या सांगण्यावरून एकदा पंधरवड्यासाठी सेन्सर लावला होता. त्या पंधरवड्यात ती बाई झोपली. पुढचा परवडला नाही. आणि ते दिवस मे महिन्याचे, घामानं जीव नकोसा करणारे. पोरगी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून फिरत होती. का, तर आत्यानं बजावलं होतं, ‘पुढे स्थळं बघायचीत, दाखवत हिंडू नकोस.’ म्हणजे बी विंगच्या दंडावर ती शिस्त आणि हिच्या दंडावर ते व्यंग! वर आमचे बी विंगवाले तिला विचारतात, ‘लहानपणी चॉकलेटं फार खाल्लीस का गं?’ अहो, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते त्यात, चॉकलेटाचा काय संबंध? चालायला लाग म्हणे, कारल्याचा रस घे म्हणे. इन्शुलिनवर जगणाऱ्या पोरीला कारल्याचा रस सुचवणाऱ्याच्या दंडावर पाच हजारांचं यंत्र!

पावसाळ्यात बी विंगचा दंड मोकळा दिसला. गृहस्थ आता बर्फाच्या पाण्याच्या टबात बसतात म्हणे. सेन्सर सहा महिन्यांचे एकदम घेतले होते, त्यातले दोन कपाटात पडून असल्याचं त्यांच्या बायकोकडून कळलं. मी वर गेलो आणि ए विंगमधल्या मुलीसाठी सरळ मागितले. त्यांनी हसतमुखानं आणून हातात ठेवले. खोक्यावर पाहिलं तर तारीख उलटून गेली होती.

‘न्या हो,’ ते म्हणाले. ‘तारखेचं काय एवढं? दंडावर दिसतो तसाच.’