पात्यापाशी बसलेले काका

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी नि बुधवारी नळाच्या तोट्या, मुके रेडिओ आणि बिनकाट्यांची घड्याळं यांच्या ढिगातून एखादं गंजकं पातं डोकं वर काढतं. त्याच्यापाशी एक काका उकिडवे बसलेले असतातच. खिशात भिंग, पिशवीत मोजपट्टी आणि चेहऱ्यावर 'मला काही घ्यायचं नाही' असा भाव.

"१९०७ ची आहे काका, आकडाच बघा ना," विक्रेता म्हणतो.

काकांना त्याची कीव येते. १९०७ हे नमुन्याचं साल. ली-एनफिल्ड रायफलीला लावायच्या या संगिनी पार दुसऱ्या महायुद्धापर्यंत निघत होत्या आणि साल तेच ठोकलं जात होतं. घडवल्याचा महिना नि वर्ष त्याखाली बारीक आकड्यांत असतं.

"आणि ही फुली? रोमन दहा. दहा मुडदे पाडलेत हिनं!"

"अरे, पातं वाकवून बघितलं, पुन्हा सरळ झालं, म्हणून पास केल्याची खूण आहे ती." पात्यावरची पन्हळ रक्त वाहून जायला नसते, वजन कमी करायला असते, हेही काका सांगून टाकतात. ते कुणी विचारलेलं नसतं.

मग मोजपट्टी निघते. मूळ पातं १७ इंचांचं. हे भरतं जेमतेम १२. पन्हळ टोकाच्या अलीकडे थांबायला हवी, ती थेट टोकापर्यंत गेलेली; म्हणजे नंतर कापलंय. पण कापलं कुणी? लोहारानं कापलं असेल तर भंगार. मात्र महायुद्धाच्या काळात इशापूरच्या रायफल कारखान्यानं स्वतःच अशा आखूड संगिनी काढल्या होत्या, त्यामुळे 'आर. एफ. आय.' ही अक्षरं दिसली की काकांचा श्वास अडकतो. तो अडकलेला विक्रेत्याला दिसू नये म्हणून ते खोकतात. मुठीवर लाकडाऐवजी शिंग बसवलंय, रायफलीच्या तोंडाशी अडकवायचं कडंही घासून टाकलंय, म्हणजे कारखान्यातून निघाल्यावरही कुणीतरी हौस भागवून घेतलीय.

"वाट लावली रे हिची! दोनशे घे."

घरी पोचेपर्यंत वाट लावणाऱ्याला बढती मिळते. आता तो मराठा पलटणीतला जवान होतो. इटलीच्या आघाडीवर, खंदकात बसून त्यानं स्वतःच्या हातानं हे शिंग बसवलेलं असतं. गाव साताऱ्याकडचं असावं. किंमत? छे, असल्या वस्तूला किंमत लावतात का? (लावतात. काकांनी वहीत लावलेली आहे, आणि तिच्यात दोनशेपुढे दोन शून्यं आहेत.) तीच वस्तू तुमच्याकडे निघाली, तर मात्र तो जवान पुन्हा लोहार होतो.

शस्त्रांना पॉलिश करणाऱ्यांना काका शत्रू मानतात. जुना काळपटपणा गेला की संग्राहकाच्या लेखी निम्मा जीव गेला, यात तथ्य आहेच. म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत काकू राख आणि काथ्या घेऊन कपाटाकडे वळल्या की काका आडवे पडतात.

एकच पाहुणा त्यांना जड जातो, तो म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार. शस्त्र नियमांत संगिनीचं नाव आहे आणि घरगुती वापराच्या सुऱ्यांना सूट आहे, हे दोघांनाही पाठ आहे. फौजदार पात्याकडे बघत चष्मा पुसायला लागले की इटली, खंदक, इशापूर सगळं गडप होतं.

"ही होय?" काका म्हणतात. "सासुरवाडीची आहे. नारळ सोलायला बरी पडते."